एसीच्या आधीचं वाक्य

हमीदाआपांच्या घरात एसी होता, चांगला दीड टनाचा होता, पण तो लावायची परवानगी एका मेलेल्या इटालियन क्रियापदाच्या हातात होती.

मनामात, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्ल्यांत, कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर आपांची शिकवणी भरायची. शुक्रवारी, दुपारनंतरची असरची नमाज झाली की. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा आणि कुणाच्या तरी तळलेल्या मासळीचा वास कोंडलेला असे. वर गेलं की प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सागवानी टेबल, भिंतीवर मक्केचं चित्र आणि त्याच्या शेजारी श्रीवर्धनच्या समुद्राचा फोटो. आपा एसीचा रिमोट मांडीवर घेऊन, वर दुपट्टा ओढून बसायच्या. आम्ही एकेकानं 'कालेरे' हे क्रियापद वापरून एक वाक्य म्हणायचं. वाक्य खरं हवं. शेवटच्या माणसाचं झालं की दुपट्ट्याखालून रिमोट बाहेर यायचा. तोवर पंखासुद्धा नाही.

बहरीनच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत, दुपार कलल्यावरसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. शर्ट अंगाला चिकटलेला, चष्मा नाकावरून घसरतोय, आणि समोर बाई शांत बसून म्हणतायत, "घाई नाही. विचार करून बोला."

शेवटचा माणूस बहुतेक वेळा मीच असे.

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका इटालियन कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. इटालियन शिकायला गेलो तेही भीतीनंच. साहेब लोक आपसात भराभर बोलायचे आणि मला वाटायचं, माझ्याविषयीच बोलतायत, माझा व्हिसा रद्द करायचं चाललंय. ते बहुतेक वेळा फुटबॉलबद्दल बोलत, हे कळायला मला आपांकडे दोन उन्हाळे काढावे लागले.

'कालेरे' मूळ लॅटिन. अर्थ साधा, तापणं, गरम असणं. आपली रोजची कॅलरी त्याच घरातली. इटालियनमध्ये येता येता तो ताप अंगातून मनात शिरला. इटालियनमधलं 'मी' म्हणजे आपलं 'मला'. म्हणून 'मी काले' म्हणजे मला त्याची आच लागते, ती गोष्ट मला लागून आहे. आणि 'नॉन मी काले' म्हणजे मला त्याचं काही नाही.

आपा समजावून सांगायच्या, "इंग्रजीत माणूस काळजी करतो. जसं काही करणं त्याच्या हातात आहे. हे क्रियापद म्हणतं, तू कोण करणारा? ती गोष्ट तापली, तुला चटका बसला, बस. मराठी माणसाला हे शिकवायला लागत नाही. तुला भूक लागते, तुला थंडी वाजते, तुला आठवण येते. तू कुठे काय करतोस?"

"आपा, माझी बायको अगदी हेच म्हणते," देशपांडे म्हणाला. "तू कुठे काय करतोस!" देशपांडे आमच्या कंपनीत अकाउंट्समध्ये होता. पुण्याचा. वर्गात त्याचं काम घाम पुसणं आणि हसवणं.

"ती बाई हुशार आहे," आपा म्हणाल्या. "तिला पाठव शिकायला. तू घरी बस."

या क्रियापदावर त्यांचा फार जीव होता. आजच्या इटलीत ते कुणी बोलत नाही. आपल्या अर्थानं 'मी' आणि 'तू'ची रूपंच त्याला नाहीत, उरलीत ती मोजकी, तीही जुन्या कवितांत. "याचे हातपाय गळून पडलेत," आपा म्हणायच्या, "नुसती धुगधुगी आहे." बोलण्यात एकच वाक्प्रचार टिकून आहे, 'मेत्तेरे इन नॉन काले'. एखादी गोष्ट जिथं आच पोचत नाही अशा जागी नेऊन ठेवणं, म्हणजे तिच्याकडे साफ दुर्लक्ष करणं. फ्रेंचांच्या घरी वाढलेला याचाच एक चुलतभाऊ पुढे इंग्रजीत गेला, 'नॉनशलांट' म्हणून. "तो शिकलासवरलेला निघाला," आपा सांगायच्या, "सूट घालून फिरतो. त्याला कुणी विचारत नाही, तुझा बाप कशानं तापला होता."

एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक म्हणता ना, मला त्याचं सोयरसुतक नाही? म्हणजे माणूस आपला की परका हे तुम्ही मरणावर मोजता. यांनी ते तापावर मोजलं. जिवंतपणी." मग थांबून म्हणाल्या, "पण आच लागते, झळ पोचते, जीव पोळतो, हेही तुमच्याआमच्याकडे आहेच की. बायका बोलतात. पुरुषांचं मात्र सुतक बरं. तेरा दिवसांत फिटतं."

वाक्य खरं आहे की नाही हे आपा कसं ओळखायच्या? बोलणाऱ्याच्या कपाळाला बोटांची मागची बाजू लावायच्या, आई ताप बघते तशी. आम्ही सगळेच घामानं निथळत असायचो, पण त्यांचा दावा होता की उकाड्याचा घाम वेगळा आणि खरं बोलल्याचा वेगळा. "हा कोरडा घाम आहे," असं त्या खुशाल म्हणायच्या आणि माणसाला परत बोलायला लावायच्या. देशपांडेनं एकदा पार्किंगच्या जागेवर वाक्य केलं. आपांनी कपाळ पाहिलं आणि पास केलं. "याला खरंच पार्किंगची आच आहे. अल्ला याला जागा देवो."

नाझिम रत्नागिरीकडचा, एका शिपिंग ऑफिसात क्लार्क, आमच्यात वयानं लहान. तो एकदा वाक्याच्या मध्येच थांबला. "मी काले..." एवढंच म्हणाला आणि खाली बघत बसला. त्याच्या आईचं ऑपरेशन होतं आणि रजा मिळत नव्हती. आपांनी कपाळाला हात लावला नाही. रिमोट काढला आणि एसी लावला. मी अजून बोललो नव्हतो तरी. तेवढी एक वेळ सोडली तर नियम कधी मोडला नाही.

माझी वाक्यं गाडीच्या टायरवर असत, क्रिकेटवर असत, प्रोजेक्टच्या तारखांवर असत. आमच्या घरात कुणी 'मला असं वाटतं' म्हणून बोलायला सुरुवात करत नसे, सुरुवात केलीच तर बाबांची मान वर होई. ती सवय अंगात मुरलेली. आपा माझ्या कपाळावरून हात काढून घ्यायच्या. "चाललं. व्याकरण बरोबर आहे. पण तू राहिलास हां, सुहास." मग बाकीच्यांची दया येऊन एसी लावायच्या. दर शुक्रवारी. तू राहिलास हां.

त्यांचं इटालियन आलं कुठून, ही वेगळीच कथा. वडील इटालियन प्रवासी जहाजावर स्टुअर्ड होते. कुणा उतारूनं केबिनमध्ये विसरलेलं, कव्हर नसलेलं एक जुनं पुस्तक त्यांनी श्रीवर्धनला घरी आणलं, मुलीला चित्रं बघायला. त्यात चित्रं नव्हती. मुलगी पुढे मुंबईला शिकायला गेली तेव्हा एका म्हाताऱ्या इटालियन पाद्र्याकडे ते पुस्तक घेऊन पोचली. पाद्र्यालाही इटली सोडून उभी हयात झाली होती. म्हणजे जुनं पुस्तक आणि जुना माणूस. निकाह करून बहरीनला आल्यावर इस्माईलभाई खाली कापड विकायचे आणि त्या वर इटालियन शिकवायच्या. गल्लीतले लोक म्हणत, खाली वार, वर विचार. इस्माईलभाईंना एकच इटालियन शब्द यायचा, तोही पिझ्झा.

एकदा कंपनीच्या पार्टीला मी आपांना घेऊन गेलो. मार्को, आमचा साइट मॅनेजर, अदबीनं पुढे आला. संत्र्याचा रस घेणार की डाळिंबाचा? आपा म्हणाल्या, "नॉन मी काले."

मार्कोचा हात हवेत राहिला. पुण्याच्या एखाद्या लग्नात तुम्ही पाहुण्याला विचारावं, मठ्ठा की सरबत, आणि त्यानं म्हणावं, 'मज तमा नसे', तसं झालं ते. मार्को डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. चार लोकांना बोलावून आणलं. "बाई, माझ्या पणजीची पणजी असं बोलत असेल!"

"चांगल्या घरची असणार," आपा म्हणाल्या.

सगळे पुन्हा हसले. मग मार्को त्यांच्याशी भरभर काहीतरी बोलू लागला, आजचं, तोंडातल्या तोंडातलं. आपांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडे वळले. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. परत येताना गाडीत म्हणाल्या, "मला जिवंत माणसांचं इटालियन येत नाही रे."

पुढच्या शुक्रवारी जिन्यात जड पावलं वाजली. मार्को. खुर्ची ओढून बसला, आपांनी नियम सांगितला, आणि त्या लालबुंद माणसानं घाम गाळत आपल्याच भाषेतलं, आपण कधी न वापरलेलं क्रियापद जुळवलं. त्याची आई चौथ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट बंद पडली आहे. मला त्या लिफ्टची आच लागली आहे. आपांनी कपाळाला हात लावला. "पास." त्यानंतर तो नेमानं येऊ लागला.

इस्माईलभाई गेले तेव्हा वाटलं, आता आपा जातील. मुलगा रिझवान मँचेस्टरला, चांगल्या नोकरीत. तो सारखा बोलवायचा. आपा गेल्या नाहीत. खालचं दुकान अश्रफ नावाच्या मलबारी टेलरला दिलं आणि वर्ग चालू ठेवला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मे महिना होता. आम्ही सगळे बोलून झालो होतो, मीसुद्धा, गाडीच्या बॅटरीवर. दुपट्टा हलला नाही. आपा आमच्याकडे एकेक करून बघत होत्या.

"कोण राहिलं?"

"कोणी नाही, आपा. मी मात्र जायच्या बेतात आहे," देशपांडे म्हणाला.

सगळे हसले, त्याही हसल्या, एसी लागला. धडा सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांनी रिमोट उचलला, बंद केला, पुन्हा मांडीवर ठेवून दुपट्टा ओढला. "हं. कोण राहिलं?" या वेळी कुणी हसलं नाही. नाझिमनं हळूच पुन्हा एक वाक्य म्हटलं. मार्कोनं म्हटलं. आम्ही सगळ्यांनी परत म्हटलं, नव्यानं, जणू काही झालंच नाही.

चहाला मदत करायला मी आत गेलो. आपांनी किटली उचलली होती, दांड्याला नव्हे, पोटाला. उकळत्या किटलीला त्यांचा पंजा सपाट चिकटलेला, बोटांची कातडी पांढरी पडत चाललेली. आणि चेहऱ्यावर काहीही नाही.

"आपा, हात!"

मी किटली ओढून घेतली. त्यांनी हाताकडे पाहिलं, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं. "हो की," म्हणाल्या.

नळाखाली हात धरून उभ्या असताना त्यांनीच बोलायला सुरुवात केली. मुंबईत डॉक्टरला दाखवलं होतं. विसर पडत जाणार. वाढत जाणार. बोटांना चटका कळत नाही, तेही आता सुरू झालंय.

"रिझवानला बोलू नकोस."

"आपा, पण..."

"तो येईल आणि मला घेऊन जाईल. चांगला मुलगा आहे, म्हणूनच नेईल. यांची कबर इथं आहे, सुहास. दर गुरुवारी जाते मी, भिंतीबाहेर उभी राहून फातिहा पढते. विसरायचंच आहे तर त्यांच्याजवळ विसरू दे."

मी म्हणालो, "ठीक आहे, आपा."

त्यांनी ओला हात माझ्या कपाळाला लावला.

बहरीनमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवावं लागतं. आमच्या साइटवर ते बंद करवणं हे माझं काम. मी शिट्टी वाजवायचो, माणसांना सावलीत बसवायचो, उन्हानं माणूस कसा पडतो त्याची चित्रं भिंतीवर लावायचो. घाम येतोय तोवर ठीक. घाम थांबला, कातडी कोरडी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, की धावा. ही वाक्यं मी हिंदीत, मोडक्या मल्याळीत, इटालियनमध्ये इतक्यांदा म्हटली होती की झोपेतही म्हटली असती. आणि शिट्टी वाजवून झाली की दर दुपारी मी कंटेनरमागे जाऊन आपांना फोन लावायचो. रिंग वाजत राहिली की त्या रिंगेच्या पलीकडे मला ते घर दिसायचं, बंद एसी, गॅसवर काहीतरी, आणि कशाचाच चटका न लागणारी एक बाई.

"आपा, पाणी प्यायलात?"

"मी काय तुझी लेबर आहे?"

मग मी निमित्त बदललं. शब्द विचारायला लागलो. एकदा विचारलं, याचा भूतकाळ कसा होतो?

"काल्से," त्या लगेच म्हणाल्या. हे सगळं त्यांना पक्कं आठवायचं, सकाळी जेवण झालं की नाही हे आठवायचं नाही. "'मी काल्से', मला आच लागली होती. वाचायलाही फार मिळत नाही. कारण ज्याला तेव्हा लागली, तो बहुतेक तेव्हाच बोलून मोकळा झालेला असतो."

जनाबिया भागातल्या आमच्या घरी वैशाली, माझी बायको, विचारायची, "तुला होतंय काय? फोन वाजला की दचकतोस." मी म्हणायचो, कामाचं टेन्शन. वैशालीला सांगितलं असतं तर तिनं त्याच मिनिटाला रिझवानला फोन केला असता. म्हणून सांगितलं नाही.

मी वचन पाळत होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं. रिझवानला कळवलं की पुढचं सगळं माझ्या अंगावर येणार होतं. प्रश्न, हॉस्पिटल, आणि मुख्य म्हणजे आपांचा राग. मला माणसाच्या रागाची भीती वाटते. त्या भीतीला मी वचनाचा सदरा घातला आणि त्या सदऱ्यात सबंध उन्हाळा हिंडलो. रोज वाटायचं, आज. रोज फोनवर त्यांचा आवाज ऐकला की वाटायचं, बघ, आहेत की ठीक.

ऑगस्टमधल्या एका दुपारी फोन उचलला गेला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मग अश्रफला लावला.

"साब, ऊपर दरवाजा खुला है. आपा नहीं है. मैं समझा आपके साथ गया."

सखीरच्या बाजूच्या साइटवरून मनामात येईपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. स्टिअरिंग हाताला भाजत होतं एवढं आठवतं. गल्ल्या रिकाम्या. त्या वेळेला तिथं मांजरसुद्धा सावली सोडत नाही. अश्रफ एका बाजूला धावला, मी एका बाजूला. कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. परत घराशी आलो आणि गच्चीच्या जिन्याकडे माझं लक्ष गेलं. वरचं दार उघडं होतं, पायऱ्यांवर उन्हाची पट्टी पडली होती.

गच्चीवर चार प्लास्टिकच्या खुर्च्या नीट मांडलेल्या होत्या. समोर पाचवी. तिच्यावर आपा, पाय अनवाणी, अंगावर शाल. सगळ्या इमारतीच्या एसींची तोंडं तिथं गरम वाफ ओकत होती. मांडीवर रिमोट.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. "बस. गारठा आहे आज."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. कपाळ कोरडं होतं. कागदासारखं कोरडं, आणि तव्यासारखं तापलेलं. भिंतीवर लावलेली माझी सगळी चित्रं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि माझे पाय जागचे हलेनात. मी, सेफ्टी ऑफिसर, तिथं उभाच राहिलो. अश्रफ वर आला, त्यानं आपांना लहान मूल उचलावं तसं उचललं. मग मला हलता आलं. ओल्या चादरी, बादल्या, ॲम्ब्युलन्स. तळपायांची कातडी निघाली होती. शुद्ध हरपेपर्यंत त्या एकच विचारत होत्या, बाकीचे कुठे आहेत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, हे विसरणं कधीपासून आहे? तुमच्या लक्षात आधी काही आलं होतं का?

मी म्हणालो, "नाही. आजच."

रिझवान आला तेव्हाही हेच म्हणालो. त्यानं मला मिठी मारली. त्याला मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "अंकल, यू सेव्ह्ड हर," म्हणाला. "इफ यू वेअरन्ट हिअर..." मी त्याला पाणी आणून दिलं.

आपा वाचल्या. पण जे हळूहळू जायचं होतं ते एका दुपारीत गेलं. त्यानंतर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही.

रिझवान अजून फोन करतो. अम्मी हीटरजवळ बसते, म्हणतो. दर फोनच्या शेवटी माझे आभार मानतो, आणि दर वेळी मला वाटतं, त्याला कळलंय, आता विचारेल. फोन ठेवल्यावर तळव्याला घाम असतो. त्याला मराठी वाचता येत नाही. हे सगळं मी त्याला वाचून दाखवणार आहे. आधी लिहून काढलं, कारण तोंडानं बोलायला लागलो तर मधेच घाबरून शब्द बदलीन. काय म्हणेल ते म्हणो. वैशालीला काल दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मला तरी सांगायचंस." तेवढंच.

आपांना शेवटचं पाहिलं ते मुहर्रकच्या विमानतळावर. निघायच्या आधी रिझवाननं त्यांना कबरस्तानाशी नेलं होतं. भिंतीपाशी त्या गाडीतून उतरल्या नाहीत, इथं काय आहे असं विचारलं, असं तो म्हणाला. आम्ही सगळे आलो होतो. देशपांडे, नाझिम, मार्को, वैशाली. आपा व्हीलचेअरवर, पायांना पट्ट्या, अंगावर तीच शाल. विमानतळाच्या हॉलमध्ये एसी इतका की वैशालीनं ओढणी डोक्यावरून घेतली होती. देशपांडे काहीतरी विनोद करायला गेला आणि त्याला तो जमला नाही. नाझिमनं खाली वाकून त्यांचे हात डोळ्यांना लावले. आपा सगळ्यांकडे पाहुण्यांकडे बघावं तसं सभ्य हसून बघत होत्या.

मग त्यांनी मांडीवर शाल नीट केली, खाली काहीतरी धरलंय अशी, आणि म्हणाल्या,

"कोण राहिलं?"

"नोबडी, अम्मी," रिझवान म्हणाला. "एव्हरीवन केम."

त्यांनी मान हलवली. बोट माझ्याकडे केलं. "हा."

मी गुडघ्यावर बसलो. रिझवान शेजारीच उभा होता. मराठीत बोललो असतो तर त्याला समजलं असतं. म्हणून मी मराठीत बोललो नाही, हेही लिहून ठेवतो. मी म्हणालो, "मी काल्से, ए ताक्वी." मला आच लागली होती, आणि मी गप्प राहिलो.

मार्कोनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच तोंड फिरवून काचेबाहेर बघू लागला.

आपांनी हात पुढे केला, बोटांची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली. बोटं थंडगार होती. त्या हॉलमध्ये सगळे गारठले होते आणि माझ्या भुवयांवरून घाम खाली ओघळत होता. त्यांनी बोटं काढून बघितली, ओली झालेली. त्यांना ते ओलं कळलं की नुसतं दिसलं, देव जाणे.

"हं," त्या म्हणाल्या. रिझवानकडे वळून म्हणाल्या, "खलास. झाले सगळे. आता लाव एसी."